महेश, दादांना मी डोंगरावर नेलं

प्रिय महेश,

तू गेल्यापासून तुला कधी पत्र लिहिलं नाही. तू असताना तरी कुठे लिहायचे? गॅस संपलाय, येताना दही आण, ओवीला ताप आहे, एवढंच काय ते मोबाईलवर. आज लिहितेय ते दादांनी विचारलं म्हणून. काल संध्याकाळी ते दवाखान्याच्या खाटेवर उठून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगितलंस. त्याला सांगितलंस का?"

मला आधी कळलंच नाही. "कुणाला, दादा?"

"महेशला."

मी मान खाली घातली आणि संत्रं सोलत बसले.

घाबरू नकोस. दादा बरे आहेत. आज सकाळीच त्यांना घरी आणलं. आत झोपलेत, आणि डोक्यावर पंखा फिरत असूनही आई पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत बसल्यात. ओवी शेजारी खेळायला गेलीय. भर दुपारची वेळ आहे, गल्लीत चिटपाखरू नाही. मी ओट्याजवळ स्टूल ओढून बसलेय. तुझ्या वडिलांना मी जवळजवळ मारलं होतं, महेश. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

आपल्या गच्चीवरून उत्तरेला जी डोंगरांची रांग दिसते, तिच्याकडे बोट दाखवून तू लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला काय म्हणाला होतास, आठवतं? "ही सगळी एका दिवसात चालायची." हरिश्चंद्रगड झाला, रतनगड झाला, कळसूबाई तर किती वेळा झालं तुझं मित्रांबरोबर. आणि भिंगारच्या गच्चीवरून दिसणारी गर्भगिरी तेवढी राहून गेली! डोंगरगणला सुरुवात करायची, मांजरसुंब्याचा गड चढायचा, तिथून गोरक्षनाथगड, मग पुढचे नाव नसलेले माथे, आणि रविवारी आगडगावला उतरून देवळात आमटी-भाकरी खायची. मी विचारायचे, उन्हाळ्यातच का रे मरायला? तू म्हणायचास, "पावसाळ्यात कुणीही चढतं. उन्हाळ्यात गवत बसलेलं असतं, वाट दिसते. डोंगर कसा आहे ते कळतं."

आणि दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं. कंपनीत ओव्हरटाईम, कुणाचं लग्न, ओवी पोटात. "पुढच्या वर्षी नक्की, मंजू." छातीत दोन दिवस दुखत होतं तेही तू असंच पुढे ढकललंस ना? कुणालाच बोलला नाहीस. मला निदान बोलायचंस! रागावण्याचा हक्क आज माझा नाही, माहीत आहे. तरी रागावतेच आहे.

यंदा पाडव्यानंतर दादांनीच विषय काढला. पहाटे कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याने फिरून आले, घाम पुसत म्हणाले, "त्याचं राह्यलंय ते आपुन करू. मे महिन्यात तुला सुट्टी हाय. करू का?"

आई आतून ओरडल्या, "वय काय, चाललेत कुठं!"

मी मात्र लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की दादांनाही नवल वाटलं. त्यांना वाटलं सुनेला आपल्या मुलाची केवढी ओढ! मला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की तसं नाहीये.

आता सुधीरचं सांगते. हे नाव लिहिण्याआधी मी उठून दोनदा पाणी पिऊन आलेय.

राहुरीच्या अलीकडे त्याची रोपवाटिका आहे. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या मैदानाभोवती लावायला कडुनिंबाची रोपं त्याच्याकडून आणली. पैसे देऊन झाले, विषय संपला. पण महिन्याभराने हा माणूस शाळेच्या फाटकाशी उभा. म्हणाला, रोपं जगली का बघायला आलोय. अशी चौकशी कोण करतं रे? मुलांनी दोन रोपं मोडली होती, ती त्याने बदलून दिली. मग पुन्हा आला. मग मीच एकदा विचारलं, पुढच्या वेळी कधी येणार. त्याचं लग्न मोडलंय, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई आहे. ओवी त्याला झाडवाले काका म्हणते. थंडीत त्याने मला विचारलं. मी नाही म्हणाले नाही. होही म्हणाले नाही. पण ज्या दिवशी तुझी तिथी होती त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ घरी आले नाही, त्याच्याशी फोनवर बोलत तासभर मैदानातल्या पायरीवर बसले होते. आई नैवेद्याचं पान वाढून माझी वाट बघत होत्या.

घरात सांगायची सोयच नव्हती. दोन खोल्या. एका खोलीत आई, दुसरीत तुझा फोटो. दादा एकटे कधी सापडायचे नाहीत, आणि सापडले तरी हार घातलेल्या फोटोखाली बसून हे कसं बोलायचं? म्हणून दादा डोंगराचं म्हणाले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, तिथे आम्ही दोघंच असू.

तुझी आठवण म्हणून नाही गेले मी. तुझा डोंगर मी माझ्या कामासाठी वापरला.

रविवारी झुंजुमुंजू होतानाच निघालो. स्कूटर डोंगरगणला एका चहाच्या टपरीपाशी लावली. दादांनी पिशवीतून बूट काढले. तुझे तपकिरी बूट! तीन वर्षं माळ्यावर होते. दादांना मोठे होतात, म्हणून एकावर एक दोन मोजे घातले होते.

"बघ, बसले का न्हाई," म्हणाले आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. साठी ओलांडून गेलेला माणूस, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा.

मांजरसुंब्याचा गड चढताना मी मागे आणि ते पुढे. हवा गार होती, सीताफळीच्या झुडपांतून मोर ओरडत होते. वर पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आलेला. पडक्या महालाच्या भिंतीवर बसून मी आणलेल्या दशम्या खाल्ल्या. खाली पिंपळगावचा तलाव आटून आटून ताटलीएवढा झालेला.

दादा म्हणाले, "सहावीत हुता महेश. सायकलवर डबलसीट बसवून आनलं हुतं त्याला इथं. उतरताना रडायला लागला. का, तर त्या पल्याडच्या डोंगरावर पन जायचं. माझी दुसऱ्या दिशी पहिली पाळी. न्हाई म्हनलो. वढत न्हेला खाली." दशमीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधून ठेवला. "गेलो असतो तर काय बिघडलं असतं गं?"

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुला आठवत तरी होतं का? त्यांना आठवतंय. वर्कशॉपमध्ये सगळी हयात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, पण ही एक गोष्ट त्यांना दुरुस्त करता आली नव्हती, आणि आता ते तुझे बूट घालून ती करायला निघाले होते. अशा माणसाला तिथे मी काय सांगणार? नाही सांगितलं. म्हटलं, पुढच्या माथ्यावर.

पुढचा माथा आला. तिथेही नाही सांगितलं. तिथे दादा हात कमरेवर ठेवून उभे राहिले, तुझ्यासारखे, आणि मला फोटो काढायला लावले.

गोरक्षनाथगडावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. देवळात फरशी गार होती. दर्शन घेऊन दादा खांबाला टेकले, बूट काढले. टाचेला फोड आला होता. मी पट्टी लावली. तिथे नारळ-प्रसाद विकणारे एक काका होते, ते म्हणाले, "बाबा, आता इथंच टेका. ऊन उतरल्यावर खाली जावा. पुढं झाड न्हाई काय न्हाई, समदा उघडा डोंगर हाय."

दादांनी माझ्याकडे बघितलं. "तू म्हन. तू म्हनशील तसं."

महेश, इथे थांबता आलं असतं. इथून खाली गाडीरस्ता आहे. रिक्षा मिळाली असती, घरी जाऊन ताक पिऊन झोपलो असतो. मला उन्हाची झळ लागत होती, त्यांच्या टाचेचा फोड मी माझ्या हातांनी बघितला होता. शाळेत मुलांना उन्हाळ्यात बाहेर खेळू नका म्हणून मीच सांगते. पण खाली उतरलो की घर, आई, ओवी, आणि माझं तोंड पुन्हा मिटणार. अजून सांगायचं राहिलं होतं ना!

मी म्हणाले, "जाऊया दादा. एवढं आलोय तर."

ते इतके खूष झाले! तेच मला विसरता येत नाही.

पुढचा डोंगर खरोखरच उघडा होता. पिवळं कुसळी गवत, काळे दगड, वर पांढरं आभाळ. दगडाला हात टेकवत नव्हता. दादांचं बोलणं हळूहळू कमी झालं. त्या बिननावाच्या माथ्यावर एक दगडांची रास होती, गुराख्यांनी रचलेली असेल. तिच्या वीतभर सावलीत दोघं बसलो. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेऊन बाटली परत माझ्याकडे दिली, "तुला ऱ्हाऊ दे."

आणि मी सांगितलं.

कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. सुधीरचं नाव घेतलं, रोपवाटिकेचं सांगितलं, त्याने विचारलंय म्हणाले, मला होकार द्यायचाय म्हणाले. खूप भराभर बोलले. मधे मधे "तुमची परवानगी असेल तर" असंही म्हणाले, पण ते खरं नव्हतं, आणि दादांनाही कळलं असणार.

दादांनी बुटाची सुटलेली नाडी बांधली. मग, "ओवी?"

"माझ्याबरोबर येईल ना. पण राहुरी काय लांब आहे, दादा? दर आठवड्याला आणीन."

"आमच्याकडं ती रोज असती."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "म्हनून आनलंस व्हय मला इथं?"

तू मला ओळखतोस. खोटं बोलायचं ठरवलं तर मी बरं बोलते. पण त्या प्रश्नाला खोटं उत्तर सुचलं नाही. मी काहीच बोलले नाही, आणि तेच उत्तर झालं.

ते उठले. काठी उचलली. "यितो पुढं," म्हणाले आणि आगडगावच्या दिशेने चालायला लागले. मी हाक मारली नाही. वाटलं, त्यांना जरा एकटं असू दे. वाटलं, रडायचं असेल तर माझ्यासमोर कसे रडतील?

खरंच तसं वाटलं का? आता लिहिताना मलाच शंका येते. कारण ते दहा पावलं गेले नाहीत तोवर मला इतकं हलकं वाटलं, महेश, की लाज वाटावी. किती महिन्यांचं ओझं उतरलं होतं. वारा आला, चक्क बरा वाटला. मोबाईल बघितला तर रेंज होती. मी सुधीरला लिहिलं, "सांगितलं." मग त्याचं काही येतंय का म्हणून बघत बसले. मग आणखी दोन ओळी लिहिल्या. आनंदात होते मी! तुझे वडील माझ्यापासून दूर उन्हात चालत होते आणि मी त्या दगडांच्या राशीशी बसून हसत होते.

मान वर केली तर दादा दिसेनात.

आधी घाबरले नाही. पुढच्या उतारावर असतील म्हणून चालत गेले. उतारावर नव्हते. तिथे डोंगराला दोन फाटे फुटतात, एक खाली आगडगावकडे आणि एक नुसताच कड्याशी जाऊन संपतो. कुठल्या फाट्याने गेले? "दादा!" ओरडले. आवाज कुठे जाऊन आदळतही नव्हता, नुसता विरून जात होता. पाठीवरची पिशवी हिसका देऊन वर ओढली आणि बाटल्या एकमेकींवर वाजल्या, तेव्हा कळलं, पाणी सगळं माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे थेंब नाही.

मग मी पळाले. पुढचा माथा, त्यावर नाही. त्याच्या पुढचा, त्यावरही नाही. तुझी ती एका दिवसात चालायची रांग, तिच्या शेवटच्या दोन माथ्यांवर मी अशी पोचले, धापा टाकत, पाया पडत, सगळ्या नाथांची नावं घेत. कुणाला तरी फोन करावा म्हणून मोबाईल काढला आणि काय केलं माहीत आहे? तुझा नंबर लावला. तीन वर्षांत लावला नव्हता, पण बोट तिथेच गेलं. एक बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

सुधीरला नाही लावला. तेव्हा नाही लावू शकले. त्याला मदतीला बोलावणं मला त्या क्षणी चोरीसारखं वाटलं.

शेवटच्या माथ्याखाली शेळ्या दिसल्या, आणि त्यांच्यामागे एक बाई. मी हातवारे करत ओरडले. तीही ओरडली, "ओ ताई! म्हातारं बाबा तुमचं हाय का? हितं वगळीत पडल्यालं हाय!"

वगळीत, म्हणजे पावसाळ्यात पाणी वाहून पडलेल्या चरात, हिवराच्या एका झाडाखाली दादा आडवे होते. टोपी कुठे पडली होती कुणास ठाऊक. अंग विस्तवासारखं, आणि घाम अजिबात नाही, कोरडं ठणठणीत. त्या बाईने आपल्याजवळच्या कॅनमधलं पाणी पदरावर ओतून त्यांच्या कपाळावर टाकलं होतं.  "मी हाका मारती हाय, वळखतच न्हाईत," म्हणाली.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाटली ओठांना लावली तर तोंड घट्ट मिटलेलं. गालावर थापट्या मारल्या. "दादा, पाणी. दादा, मी मंजू."

डोळे किलकिले झाले. माझ्याकडे बघत होते पण मला बघत नव्हते.

"म्हेश, आला व्हय?"

मी त्या बाईकडे बघितलं. ती म्हणाली, "कोन म्हेश? त्याला बलवा मग."

आणि मी म्हणाले, "आलो, दादा."

तुझ्या नावाने बोलले. तुझ्या जागी बसून तुझ्या वडिलांना उत्तर दिलं. याबद्दल तू मला काय म्हणशील? ज्या बाईने नुकतंच त्यांना सांगितलं की मी तुमच्या मुलाचं घर सोडून चाललेय, तिनेच!

पण त्यांनी तोंड उघडलं. थोडं पाणी प्यायले. पुन्हा थोडं. "पल्याडच्या डोंगरावर जाऊ हां," म्हणाले. मी म्हणाले, "जाऊ दादा, जाऊ." त्या बाईला काय कळलं देव जाणे, ती डोळ्यांना पदर लावून शेळ्यांच्या मागे पळाली आणि खालच्या वस्तीवरून दिराला घेऊन आली. त्याचा लहान टेम्पो होता, कांद्याच्या गोण्या टाकायचा. दोघा-तिघांनी दादांना उचलून खाली नेलं. टेम्पोत त्या बाईने पोत्यांवर ओलं लुगडं अंथरलं. नगरपर्यंत मी त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत राहिले. तिचं नावही विचारायचं राहिलं, महेश. ती टेम्पोबरोबर आली नाही, शेळ्या होत्या ना तिच्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना या उन्हात कुणी नेलं होतं?"

"मी," म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दादा शुद्धीवर आले, नीट बोलायला लागले. तेवढ्यात आई पोचल्या, ओवीला कडेवर घेऊन. एवढी मोठी पोर कडेवर! आईंनी आल्या आल्या मला विचारलं, "तुला अक्कल आहे का? कुठं घेऊन गेलीस यांना?"

माझ्याआधी दादा बोलले. आवाज नुसता घोगरा. "मीच म्हनलो तिला. ती नगं नगंच म्हनत हुती."

 मी खिडकीकडे तोंड केलं. त्या वेळी मोबाईल वाजला म्हणून बघितलं तर सुधीरचं उत्तर दुपारीच येऊन पडलं होतं. तो काय लिहिणार? त्याला बिचाऱ्याला काय माहीत? आनंदाने लिहिलं होतं, मोगऱ्याची दोन रोपं बाजूला काढून ठेवलीत म्हणाला, तुमच्या दारात लावायला. ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. रात्री त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो मी येतो म्हणाला, मी नको म्हणाले. मग त्याने दादांचं विचारलं, काय खाल्लं, ताप किती आहे, झोप लागली का. आपलं पुढे काय, असं एकदाही विचारलं नाही. हे तुला त्याची बाजू मांडायला सांगत नाहीये. घडलं तसं सांगतेय.

आणि मग काल संध्याकाळी आई ओवीला घेऊन घरी गेल्यावर दादांनी ते विचारलं, तुला सांगितलं का म्हणून. मी म्हणाले, "नाही सांगितलं."

"मग सांग. कसं सांगायचं ते तुझं तू बघ."

"तुम्ही रागावलात का, दादा?"

"रागावलो हुतो." संत्र्याची फोड हातात धरून बसले होते. "तू लगीन करतीस म्हनून न्हाई. तुझं वय काय, आमी काय आंधळे हाय का? पन महेशचं राह्यलेलं करू म्हनून मी निघालो, आन तू दुसऱ्याच कामाला निघालीवती. ते डोक्यातून जात न्हाई. जाईल हळूहळू."

मी म्हणाले, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं." त्यांनी मला धीर दिला नाही. बरं केलं. मग फोड तोंडात टाकून म्हणाले, "ओवीला न्हे. पोर आईपाशीच पायजे. पन आमचं दोन खोल्यांचं घर लई मोठं हुईल गं."

त्यावर मी रडले. ते रडले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या मानसाला मला बघायचंय. पन आत्ता न्हाई. जरा दम धर. आन तुझ्या सासूला तू नगं सांगू. ती तुला लई बोलंल. मी सांगतो तिला, माझ्या पद्धतीनं."

महेश, मला केवढं सुटल्यासारखं वाटलं! परत तेच. कालपासून मी मनाशी घोकतेय, दादा सांगतील, दादा सांगतील, माझ्यावरचं गेलं.

तेवढं लिहून थांबले होते. आत आईंचा आवाज येतोय, दादा उठले वाटतं. कसं वाटतंय म्हणून विचारतायत त्यांना. त्यांच्या आवाजात सगळं कसं निवांत आहे! त्यांना अजून वाटतंय की नवरा उन्हाने आजारी पडला होता आणि बरा झाला, विषय संपला.

तू कुठे असशील, तुला हे पोचतं का, मला माहीत नाही. माझा राग आला असेल तर येऊ दे. मला तुझा येतोच. तू असतास तर मी तुला सोडून कुणाकडे बघितलंही नसतं, आणि तू नाहीस म्हणून बघितलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मला वाईट वाटतं. सुधीरकडे जाईन तेव्हाही वाटेल. जाणार मात्र आहे. हे तुला स्पष्टच सांगते.

पण तुला एक शब्द देते. आईंना मी स्वतः सांगणार आहे. दादांनी माझ्यासाठी दवाखान्यात एकदा खोटं सांगितलं, आता माझ्या वाटचं खरंही त्यांनीच सांगायचं, असं होणार नाही. त्यांच्या लेकराचं घर मी सोडून चाललेय, तर ते त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं. त्या जे बोलतील ते उभी राहून ऐकेन. मधे तुझं नाव घेऊन स्वतःची सुटका करून घेणार नाही.

ओवी परत यायला अजून अवकाश आहे. आई चहाला पाणी ठेवायला इकडे येतायत, बांगड्या वाजल्या.

तुझीही,
मंजू